अकरा मीटर, चौतीस मिनिटं

१८ मे २०२५
बून ले, सिंगापूर

चि. चैत्राली,

आशीर्वाद. तू माझ्याशी बोलत नसलीस तरी ते लागू आहेत.

सात दिवसांत मी तुला व्हॉट्सॲपवर चौदा मेसेज पाठवले. एकावरही निळी खूण नाही. फोन केला तर क्षितिज उचलतो आणि "आई, ती जरा झोपलीय" म्हणतो. सकाळी अकराला तू झोपलेली, दुपारी चारला झोपलेली आणि संध्याकाळी सातलाही झोपलेली. माझ्या मुलाला खोटं बोलता येत नाही हे तुला लग्नाआधीच सांगायला हवं होतं. म्हणून शेवटी कागद घेतला. तुमच्या हौगांगच्या ब्लॉकखालची टपालपेटी तूच उघडतेस, हे मला माहीत आहे.

सत्तावीस वर्षं मी तुआसच्या शिपयार्डात सेफ्टीचं काम करतेय. तिथे कुणाच्या बोटाला खरचटलं तरी आम्ही अहवाल लिहितो. काय झालं, कुठे झालं, कोण हजर होतं, आणि मत अगदी शेवटी. तसंच लिहिते, म्हणजे तुला वाद घालायला जागा राहणार नाही.

शनिवार, १० मे. वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, सुट्टीला जोडून आपली 'बुडबुडे' मंडळी, एकूण अकरा मराठी डोकी, मलेशियातल्या टिओमन बेटावर डायव्हिंगला. क्षितिज घरी, कारण त्याला बोट लागते. सगळ्यांचे मेडिकल फॉर्म नेहमीप्रमाणे आधीच माझ्या निळ्या फोल्डरमध्ये जमा, लाल पेननं तपासलेले. यशोधननं ब्लडप्रेशरचा रकाना कोरा सोडला होता, त्याला परत पाठवला. तुझा फॉर्म चोख. प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही'.

दुपारी पहिला डाइव्ह. तू म्हणालीस, आई, हा मी सोडते, दमल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, फेरीबोटीचा शीण पाण्यातच उतरतो, चल. तू आलीस. अकरा मीटर, चौतीस मिनिटं. ते म्हातारं कासव आपल्याला बघूनही न बघितल्यासारखं करून खडकाखाली जाऊन बसलं. वर आल्यावर तू हसत होतीस, हे मी खास नोंदवते.

रविवार. नाश्त्याला आलीस ती कान धरून. दिवसभराचे दोन्ही डाइव्ह सोडलेस आणि बोटीवर छत्रीखाली बसलीस. पाण्यात प्रत्येकाला एक जोडीदार, म्हणजे बडी लागतो. माझी बडी बोटीवर, म्हणून माझ्या गळ्यात प्रबोध पडला. तो पाण्याखाली अशा लाथा झाडत पोहतो की मला दोनदा मास्क सावरावा लागला. रात्री जेवताना मी सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या सुनेचा कान मोठा गुणी आहे. पाण्यात दुखतो, पण त्यात इयरफोन घालून दुपारभर गाणी ऐकली तर दुखत नाही." सगळे हसले. त्यावर मी आणखी एक वाक्य बोलले, की भीती वाटत असेल तर तसं सांगावं, कानाला बदनाम करू नये. तू ताट सरकवून उठलीस. परतीच्या बसमध्ये माझ्याशेजारची खिडकी सोडून शेवटच्या सीटवर जाऊन बसलीस.

आता मत. थट्टा जरा लांबली, मान्य. पण त्यासाठी सात दिवस अबोला हे जास्त होतंय. तुझे सासरे गेले तेव्हा मी घरात खुर्ची धरून बसले होते. छप्पन्नाव्या वर्षी मला जुराँगच्या पोहण्याच्या तलावावर नेऊन पाण्यात ढकलणारी तूच होतीस. ढकललंस ते ढकललंस, आता काठावरून निघून जाऊ नकोस.

पत्राला उत्तर लिही. कान बरा आहे का तेही लिही.

तुझी सासू,
अरुणा

———

८ जून २०२५
बून ले

चि. चैत्राली,

उत्तर नाही. ठीक आहे. यार्डातही पहिल्या नोटिशीला कुणी उत्तर देत नाही.

काल क्षितिज एकटाच जेवायला आला. पिठलंभात केला होता. तुझं नाव काढलं की तो छताच्या पंख्याकडे बघायचा. तू बरी आहेस ना विचारलं तर म्हणाला, हो, म्हणजे बरीच आहे. ऑफिसला जातेस ना विचारलं तर म्हणाला, तांजोंग पगारपर्यंत उभ्यानं जायला नको वाटतं, म्हणून अर्धे दिवस घरून काम करते. बारा स्टेशनं ताठ उभी राहून पुस्तक वाचणारी तू. निघताना त्यानं डब्यात पिठलं मागितलं नाही, म्हणाला तिला सध्या त्याचा वास नको होतो. माझ्या पिठल्याचा. मग मला कळलं की हा राग साधा नाही.

तुमच्याकडे काही बिनसलंय का? तुम्हा दोघांत? असेल तर मला सांगू नका, पण मिटवा.

कानाचं मी मनावर घेतलंय. इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की कान दुखत असताना खाली जायचंच नसतं, पडदा फाटू शकतो. म्हणजे तू केलंस ते बरोबरच होतं. सोबत थेंबांची बाटली पाठवतेय. तू ते थेंब घालणार नाहीस हे माहीत आहे, पण पाठवल्याशिवाय मला चैन पडेना.

अजून एक. मंगळवारी प्रबोधचा फोन आला होता. तो जरा चाचरत म्हणाला, "अरुणाताई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की डाइव्ह सोडायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि कुणी सोडला तर कारण विचारायचं नाही." मी त्याला म्हटलं, तू आधी लाथा कमी मार. फोन ठेवला. तो नियम खरंच मीच शिकवला होता. पाण्यात जाणारा माणूस कधीही, काहीही कारण न देता 'आज नको' म्हणू शकतो. दुसऱ्यानं फक्त मान हलवायची. मी तुला चारचौघांत कारण मागितलं आणि वर पुरावा दिला.

माझं चुकलं. हे वाक्य मी फारसं लिहीत नाही, म्हणून जरा मोठ्या अक्षरात लिहिलंय.

पुढच्या महिन्यातल्या ट्रिपला मी नाव दिलेलं नाही. मला दुसरा बडी नकोय.

अरुणा

———

२ जुलै २०२५
बून ले

चैत्राली,

काल संध्याकाळी क्षितिज यार्डाच्या गेटपाशी उभा होता. हातात तुझी चिठ्ठी. "सावकाश वाच," म्हणाला, आणि मी चष्मा काढेपर्यंत बसमध्ये चढून गेलासुद्धा. मी ती बून ले स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून वाचली. तुझे शब्द इथे उतरवून काढते, कारण ते आता मला पाठ आहेत.

"आई, काल बारा आठवडे पूर्ण झाले. टिओमनला निघताना पाच दिवस उशीर झाला होता, पण टेस्ट केली नव्हती. फॉर्ममध्ये प्रश्न होता, गरोदर आहात का किंवा असण्याची शक्यता आहे का. खरं तर 'शक्यता आहे' असं लिहायला हवं होतं. पण फॉर्म तुमच्या हातात जाणार होता, आणि तुम्हीच सांगितलंय की तीन महिने होईपर्यंत कुणाला कळता कामा नये, सासूलाही नाही. म्हणून 'नाही' लिहिलं. टेस्ट रविवारी पहाटे केली. म्हणजे शनिवारचा डाइव्ह बाळासकट झाला. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या म्हणाल्या काळजी करू नका. पण मला रोज वाटतं, मी त्याला काही केलं तर नाही ना?"

बाकावर शेजारी टिश्यू विकणाऱ्या एक आजी असतात. त्यांनी काही न विचारता एक पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांना वाटलं असणार काहीतरी वाईट बातमी आहे. मी त्यांना खुणेनं पोट दाखवून बाळ, बाळ असं सांगायचा प्रयत्न केला, तर त्या माझ्याकडे फारच आश्चर्यानं बघायला लागल्या.

मला आनंद झालाय, चैत्राली. आधी तो, म्हणून तोच आधी लिहिते. एकसष्टाव्या वर्षी त्या बाकावरून उठून मला नाचावंसं वाटलं.

आणि मग तो शनिवार आठवला. 'फेरीबोटीचा शीण पाण्यातच उतरतो' हे मी म्हटलं होतं. तू नको म्हणालीस आणि मी चल म्हटलं. तुझं बाळ पाण्याखाली गेलं ते माझ्या शब्दावर. तू 'मी त्याला काही केलं' असं लिहू नकोस. लिहायचंच असेल तर माझं नाव लिही. आणि नाही लिहिलंस तरी ते तिथे आहेच, मला दिसतंय.

तो नियमही माझाच. 'बुडबुडे'तल्या नीलिमानं दुसऱ्याच महिन्यात गोड बातमी ग्रुपवर टाकली तेव्हा मी तुझ्यासमोर केवढी फणफणले होते. कुणालाही नाही सांगायचं, आईला नाही, सासूला नाही, बारा आठवडे तोंडाला कुलूप. तू तो नियम इतका पाळलास की माझ्यावर रागावलेली असतानाही पाळलास, आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कळवलंस. यार्डातली माझी माणसं एवढी शिस्तीची असती तर मी कधीच निवृत्त झाले असते.

तो नियम कुठून आला ते सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

१९९० साली आम्ही ठाण्याला राहत होतो. मला दिवस गेले. दोन महिने झाले तेव्हा तुझ्या सासऱ्यांना राहवेना. त्यांनी इमारतीतल्या बावीस घरी पेढे वाटले. अकराव्या आठवड्यात ते गेलं. काही कारण नव्हतं, डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी. मी चार दिवसांनी जिन्यात दिसले की बायका हसून विचारायच्या, कितवा चाललाय? बावीस घरं होती, प्रत्येक घरी वेगळं सांगावं लागलं. प्रत्येक वेळी समोरचं हसू जायचं आणि मलाच त्यांना समजावावं लागायचं. त्यानंतर मी ठरवलं, पुन्हा असं नाही. क्षितिजच्या वेळी चौथा लागेपर्यंत माझ्या आईलाही कळू दिलं नाही. क्षितिजला यातलं काही माहीत नाही.

म्हणजे मी एक दुखणं झाकायला नियम केला, आणि त्याच नियमापायी तू फॉर्मवर खोटं लिहिलंस. आम्ही यार्डात याला मूळ कारण म्हणतो. ते नेहमी लांब कुठेतरी असतं.

मी तुला भेटायला येत नाही. तू बोलावशील तेव्हा येईन. तोवर मला एक काम करू दे.

अरुणा

———

१३ जुलै २०२५
बून ले

चि. चैत्राली,

काम झालं. सांगायला इतकं आहे की हात थांबेना.

प्रसूतीच्या डॉक्टरांनी सांगूनही तुझं मन मानत नाही, हे मी समजू शकते. त्यांना पाण्याखालचं काय ठाऊक, असं तुला वाटत असणार. मलाही वाटलं असतं. म्हणून मी डायव्हिंगचा डॉक्टर शोधला. आमच्या यार्डात जहाजाच्या बुडाखाली जाणारे पाणबुडे आहेत, त्यांची तपासणी करणारे डॉक्टर लिम. सत्तरीचे असतील, भिंतीवर पाणबुड्याच्या जुन्या पितळी टोपाचं चित्र. मी आत गेले आणि म्हटलं, मला गरोदरपणात डायव्हिंग करण्याबद्दल विचारायचंय. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पुढ्यातल्या कागदावर माझं वय पाहिलं, आणि म्हणाले, "आंटी, हू प्रेग्नंट? यू आह?"

सून, मी म्हटलं. मग त्यांनी चहा मागवला.

तुला त्यांनी सांगितलं तसं सांगते, माझी मतं घालत नाही. आपण खाली श्वास घेतो तेव्हा दाबामुळे हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो. वर येताना तो बाहेर पडतो आणि कधी कधी त्याचे बारीक बुडबुडे होतात. आपली फुप्फुसं ते गाळून टाकतात. पण पोटातल्या बाळाची फुप्फुसं अजून काम करत नाहीत. त्याचं बहुतेक रक्त तिकडे न जाता बाजूच्या वाटेनं सरळ पुढे जातं, त्यामुळे त्याच्याकडे बुडबुडे झालेच तर ते गाळायला काही नाही. किती खोलीपर्यंत चालेल हे कुणालाच सांगता येत नाही, कारण पोटुशा बायकांना पाण्यात उतरवून कोण प्रयोग करणार? म्हणून नियम साधा आहे. गरोदरपणात डायव्हिंग नाही, उथळही नाही, आणि मूल हवंय असं ठरवलं तेव्हापासूनच नाही.

इथपर्यंत ऐकून माझा चहा थंड झाला होता.

मग ते पुढे म्हणाले, की आपल्याला दिवस गेलेत हे माहीत नसताना डाइव्ह केलेल्या बायका पुष्कळ असतात. त्यांच्याकडेही दरवर्षी एखाददुसरी रडत येते. त्यांच्या पाहण्यात आणि जो काही थोडा अभ्यास झालाय त्यात, अशा बहुतेक बायकांची मुलं ठणठणीत निघतात. घाबरून कसलाही टोकाचा निर्णय घ्यायचा नाही. आपल्या डॉक्टरला सांगायचं, तू सांगितलंसच, आणि नेहमीच्या तपासण्या करायच्या. शंभर टक्के खात्री मी देत नाही, म्हणाले, डायव्हिंग न केलेल्या बाईलाही देत नाही.

मी पर्समधून डाइव्ह कॉम्प्युटरनं नोंदलेल्या खोलीच्या आलेखाचा कागद काढला. आपण दोघी चौतीस मिनिटं एकमेकींच्या हाताच्या अंतरावर होतो, म्हणजे माझी रेघ तीच जवळपास तुझी रेघ. त्यांनी ती बोटानं शेवटपर्यंत वाचली. अकरा मीटर, त्याखाली एकदाही नाही. वर येण्याचा वेग अगदी सावकाश. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, तिथे आपण पाच थांबलो. का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कासव परत बाहेर येतंय का बघत होतो. त्यावर ते इतके हसले की बाहेरची नर्स डोकावली. "गुड डायव्हर, युवर डॉटर-इन-लॉ. टेल हर, स्लीप लाह," म्हणाले.

तर झोप. हा निरोप दोन्हीकडून समज.

पोहायला हरकत नाही म्हणतात, तुझ्या डॉक्टरनं मना केलं नसेल तर. डायव्हिंग बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी, डॉक्टरनं तपासून हो म्हटल्यावर. सिझेरियन झालं तर आणखी उशिरा. तोवर तुझं श्वास घ्यायचं रेग्युलेटर मी सर्व्हिसिंगला देऊन माझ्या कपाटात ठेवते.

काल प्रबोधच्या काँडोत 'बुडबुडे'ची बैठक होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, मे महिन्यात मी एका डायव्हरला डाइव्ह सोडल्याबद्दल कारण विचारलं आणि तिची चेष्टा केली, ते चूक होतं, तुम्ही हसलात तेही चूक होतं. कारण काय होतं ते मी सांगितलं नाही, ती बातमी तुझी आहे. यापुढे मेडिकल फॉर्म माझ्या फोल्डरमध्ये येणार नाहीत. ज्यानं त्यानं बंद पाकिटात थेट डाइव्ह शॉपला द्यायचे. निळ्या फोल्डरमध्ये आता माझ्या विजेच्या पावत्या आहेत. यशोधन हळूच म्हणाला, मग माझं ब्लडप्रेशर? मी म्हटलं, आता ते तू आणि तुझा देव बघा.

एवढं करूनही खरी भीती जात नाही, तुझी नाही आणि माझीही नाही, हे मला कळतं. डॉक्टर लिमच्या दारातून मी हसत बाहेर पडले आणि लिफ्टमध्ये बोटांवर विसाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस मोजायला लागले. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये काय ते दिसेल. तोपर्यंत आपण दोघींनी आपापल्या घरात बसून तेच मोजायचंय. तू म्हणालीस तर एकत्र बसून मोजू. नाही म्हणालीस तर मी कारण विचारणार नाही.

अरुणा

———

२७ ऑगस्ट २०२५
बून ले

चि. चैत्राली,

आता तुम्ही बोलता ना एकमेकींशी, मग पत्र कशाला, असं क्षितिज म्हणाला. त्याला म्हटलं, काल तुझ्या बायकोनं मला जे विचारलं त्याचं उत्तर मला तोंडानं देता आलं नाही.

तुझा मेसेज आला तेव्हा मी ड्राय डॉकमध्ये एका माणसाला हेल्मेटचा पट्टा लावायला लावत होते. "२६ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ. उशीर करू नका." साडेतीन महिन्यांनी तुझा पहिला मेसेज, तोही हुकूम. मी त्या माणसाला म्हटलं, आज तुझा पट्टा माफ, आणि लगेच म्हटलं, नाही, लाव.

काल स्कॅनसाठी हॉस्पिटलात साडेआठलाच जाऊन बसले होते. तू आलीस, पोट पुढे, क्षितिज मागे तिघांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. तू नुसती मान हलवलीस आणि माझ्याशेजारची खुर्ची सोडून पुढची घेतलीस. मधल्या खुर्चीवर तुझी पर्स. मी त्या पर्सकडे बघत होते.

आत मला घेशील असं वाटलं नव्हतं. दारात तू वळलीस आणि म्हणालीस, "आई, चला." पडद्यावर ते आपल्याकडे पाठ करून झोपलेलं. सोनोग्राफी करणारी मुलगी यंत्र फिरवते, सांगते, हलवते, पण ते ढिम्म. मग तुला गार मायलो, ते चॉकलेटचं दूध, प्यायला लावून वीस मिनिटं व्हरांड्यात फिरवलं. क्षितिज तुझ्यामागे आणि मी क्षितिजमागे, अशी आपली वरात. परत आत गेलो तर साहेब सरळ झालेले. हृदयाचे चार कप्पे, मणका, डोकं, दोन मूत्रपिंडं, एकेक करत ती मुलगी ओके म्हणत गेली. प्रत्येक ओकेला तू माझं मनगट दाबत होतीस. मनगट अजून दुखतंय. डॉक्टर येऊन म्हणाल्या, सगळं दिसायला हवं तसं आहे, स्कॅनमध्ये सगळंच दिसतं असं नाही, पण मला काळजीचं काही वाटत नाही. क्षितिज रडायला लागला. मीही. तू रडली नाहीस.

तू बाहेर लिफ्टपाशी आलीस आणि फुटलीस. नऊ माणसं उभी होती, मी मोजली. तू म्हणालीस, "मला सगळ्यात जास्त राग कशाचा आलाय माहितीये, आई? त्या कानाच्या थट्टेचा नाही. तुम्ही एवढं सगळं एकटीनं सोसलंत आणि आम्हाला नुसता नियम दिलात. कारण दिलं असतंत तर मी त्या शनिवारी तुमच्या कानात सांगितलं असतं." मग बरंच बोललीस. टिओमनची ती पहाट, खोलीत एकटी, हातात टेस्ट, क्षितिजला फोन लागत नव्हता, आणि पलीकडच्या खोलीत मी. तुला माझ्याकडे यायचं होतं आणि माझ्याच नियमामुळे येता येत नव्हतं. लिफ्ट तीनदा आली आणि गेली, कुणी आत गेलं नाही. तू बोललीस ते सगळं खरं होतं. पण तुला सांगते, इतकं बरं मला गेल्या साडेतीन महिन्यांत वाटलं नव्हतं. तू भांडलीस म्हणजे तू घरात परत आलीस.

टॅक्सीत तू मध्ये बसलीस आणि म्हणालीस, आता क्षितिजला सांगा. क्षितिज म्हणाला, काय? मी बाहेर बघून सांगितलं. ठाणं, बावीस घरं, पेढे, अकरावा आठवडा. तेहतीस वर्षांच्या मुलाला हे सांगताना मला वाटलं तो विषय बदलेल, तसाच आहे तो. हौगांगच्या फ्लायओव्हरपाशी त्यानं हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. मग त्यानं विचारलं, "आई, दादा होता की ताई?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, तेव्हा कळायचं नाही रे. पण मी मनात ताई म्हणते.

त्यावर तू अगदी सहज, पोटावरचा सीटबेल्ट सारखा करत म्हणालीस, "मग आमच्या बाळाला आत्या आहे." आणि मग विचारलंस, बारशाला कानात नाव आत्याच सांगते ना, तिच्या वतीनं तुम्ही सांगाल का?

मी खिडकीकडे तोंड केलं ते तुझ्या फ्लॅटपर्यंत तसंच ठेवलं, म्हणून तुला वाटलं असेल मला आवडलं नाही.

सांगेन. तिच्या आणि माझ्या, दोघींच्या वतीनं सांगेन.

तुझी,
आई